शेवटचं आळं

तात्यांच्या पाया पडणं कुणाला जमलं नाही. समोरचं माणूस वाकायच्या आत ते दोन पावलं मागे सरकलेले असायचे.

मी लग्न होऊन वसईत आले तेव्हा होळी नावाच्या भागात त्यांच्या वाडीला लागून आमची भाड्याची खोली होती. नवरा वालीवला पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात कामाला. मी माणदेशातली. आमच्याकडे पाणी म्हणजे डोक्यावरून आणायची वस्तू. इथे एका माणसाच्या वाडीत केळी, पानवेली, नारळ, सोनचाफ्याची रांग, आणि मधोमध बावखल, विहिरीपेक्षा मोठं आणि तळ्यापेक्षा लहान, काठोकाठ भरलेलं. मी पहिले आठ दिवस नुसती त्या पाण्याकडे बघत होते.

पहिला पाडवा आला. काकींनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, वाटीभर श्रीखंड आणून दिलं. मी काकींच्या पाया पडले आणि तात्यांकडे वळले. तात्या मागे सरकले ते सरळ पाटात. पाटाला पाणी चालू होतं. त्यांची एक चप्पल वाहत केळीत गेली.

"पाया कसल्या पडतेस?" ते पाटात उभ्यानंच म्हणाले. "पडायचंच असेल तर त्या चाफ्याच्या आळ्यात तांब्याभर पाणी ओत."

मी खरंच तांब्या घेऊन गेले आणि ओतलं. परत आले तर काकी पदर तोंडाला लावून हसत होत्या. "आमच्या लग्नात मलासुद्धा पडू दिलं नाही. भटजी म्हणाले, नमस्कार करा, तर हे पाटावरून उठून उभे."

या सवयीमागची गोष्ट त्यांनी मला पुढे खूप वर्षांनी सांगितली, तीही चाफ्याची फुलं खुडता खुडता. ते विशीत असताना वाडीत कामाला येणारी एक म्हातारी होती. तिच्या हातून काम होईना म्हणून त्यांच्या वडिलांनी तिला नको म्हटलं. तिनं जाऊन तात्यांचे पाय धरले. सोडेचना. "माझ्या आजीएवढी बाई," तात्या म्हणाले. "तेव्हापासून पायांनाच सवय लागली. मी नाही मागे घेत. तेच जातात."

मुलाच्या, नितीनच्या, लग्नात तर गंमत झाली. नवरा-नवरी पाया पडायला येणार म्हणून हे आधीच खुर्चीवर मांडी घालून बसले. अल्बममधल्या एकाही फोटोत तात्यांना पाय नाहीत. काकी तो अल्बम आल्यागेल्याला दाखवायच्या आणि म्हणायच्या, "मेल्यावर काय कराल? तेव्हा तर सगळा गाव पडणार."

"तेव्हा मी कुठे असणार?" तात्या म्हणायचे. "नुसते पाय असतील."

घरात त्यांची बोली वेगळी होती. मला पहिली दोन वर्षं ती अर्धीच कळायची. माझ्याशी ते सावकाश, शाळेतल्यासारखं मराठी बोलायचे. मी उत्तर द्यायचे नाही. मान हलवायचे. म्हणून त्यांनी माझं नाव मुकी ठेवलं. "काय गं मुके, आज काय शिजवलंस?" असं विचारायचे आणि माझं उत्तर न आल्यावर स्वतःच म्हणायचे, "असं होय, वांगं होय."

मी चौथी शिकलेली आहे हे कळल्यावर त्यांनी मला एक काम दिलं. रोपांच्या पिशव्यांपुढे पत्र्याचे तुकडे खोचलेले असायचे, त्यांवर खिळ्यानं झाडाचं नाव लिहायचं. त्यांना स्वतःला येत नव्हतं असं नाही, माझ्यापेक्षा सुंदर अक्षर होतं. पण म्हणायचे, "लिहीत जा. आलेलं विसरू नये." जास्वंद लिहिताना मी अडले तेव्हा त्यांनी खिळा हातात न घेता मातीत बोटानं काढून दाखवलं आणि लगेच पुसलं, दुसऱ्या कुणाला दिसू नये म्हणून. आज या वहीत लिहिताना जोडाक्षर आलं की मला ती माती दिसते.

तात्या खुर्चीवर फारसे बसायचे नाहीत. चहा प्यायला, बोलायला, पेपर वाचायला, सगळ्याला उकिडवे. सत्तरीला आले तरी गुडघे पोरासारखे. आणि हात कायम मातीत. झाड तहानलंय का हे ते पानं बघून ठरवायचे नाहीत, आळ्यात बोट घालून बघायचे.

पाणी लावायचं त्यांचं एक शास्त्र होतं. मोटर चालू केली की बावखलातलं पाणी पाटानं निघायचं आणि एकेक आळं भरत पुढे जायचं. सगळ्यात शेवटी, रस्त्याच्या कडेला, एक चाफा होता. वाडीची जमीन तिथे जराशी चढाची, त्यामुळे पाणी तिथवर जायला कंटाळायचं. "पहिलं आळं कुणीही भिजवतो," तात्या म्हणायचे. "वाडी जिवंत आहे का बघायची असेल तर शेवटच्या आळ्यात बोट घाल." पाणी अर्ध्यावर तोडायचं नाही हा नियम. शेवटचं आळं भरलं की तिथल्या माणसानं ओरडायचं, "पोचलं." मग तात्या मोटर बंद करायचे.

मी त्यांच्याकडे फुलं खुडायला जायला लागले तेव्हा शेवटच्या आळ्याशी त्यांनी मुद्दाम मला उभं केलं. पाणी आलं. मी ओरडले नाही. मला ओरडता येईना. मी धावत सगळी वाडी ओलांडून त्यांच्याजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "पोचलं." तोवर आळं फुटून पाणी रस्त्यावर गेलेलं. एक रिक्षावाला शिव्या देत होता. तात्यांनी त्याची माफी मागितली, मोटर बंद केली आणि मला म्हणाले, "उद्या परत तूच."

दुसऱ्या दिवशीही मी धावले. तिसऱ्या दिवशी ओरडले. माझाच आवाज ऐकून मला रडू आलं. तात्या तिकडून ओरडले, "कोण गं ते? मुकी तर नव्हे?" आयुष्यात तो एक शब्द मी मोठ्यानं बोलायला शिकले.

पंगतीतही त्यांचं तेच. कुणाचंही लग्न असो, ते शेवटच्या पानावर जाऊन बसायचे. शेजारच्या एका घरच्या मुंजीत जिलबी त्यांच्यापर्यंत आलीच नाही. यजमान ओशाळून पुढे आले. तात्या ताक-भात कालवत म्हणाले, "बरं झालं. आता कळलं ना वाढप कुठून सुरू करायचं." यजमानांनी मग जिलबीचं ताट घरी पाठवलं. तात्यांनी ते आमच्या खोलीत पाठवलं.

माझा नवरा गेल्यावर मला बारमाही कामाची गरज होती. माणिकपूरच्या एका हॉस्पिटलमध्ये देवपूजेला तात्यांच्या वाडीतली फुलं जायची. तिथे त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला. मी मावशी म्हणून लागले आणि दोन वर्षांनी हार्टच्या आयसीयूत गेले. चादरी बदलायच्या, पेशंटचं अंग पुसायचं, लघवीची भांडी द्यायची. तिथे बोलावं लागत नाही, म्हणून मला ते काम आवडलं. हार्ट अटॅकची माणसं मी तिथे शेकड्यानं बघितली. त्यांचा रंग कसा होतो, घाम कसा येतो, हे मला डॉक्टरांइतकंच ठाऊक होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

गेल्या वैशाखातली गोष्ट. दोन दिवस वीज नव्हती. तिसऱ्या दिवशी पहाटे आली. माझी दुपारची पाळी होती. दहाच्या सुमाराला काकींना प्रसादाचा नारळ द्यायला म्हणून मी वाडीतून चालले होते. मोटर चालू होती. तात्या बावखलाजवळच्या माडाला टेकून बसले होते आणि त्यांनी दोन्ही पाय समोर लांब केले होते.

इतक्या वर्षांत मी त्यांना पाय लांब करून बसलेलं बघितलं नव्हतं.

चेहरा राखेसारखा. कपाळावर घाम, गळ्यावर घाम, सदरा पाठीला चिकटलेला. डावा हात मांडीवर ठेवून दुसऱ्या हातानं दाबत होते.

"तात्या, काय होतंय?"

"पित्त आहे. सहापासून जळजळतंय. ओवा खाल्ला, लिंबू घेतलं." ते थांबून थांबून बोलत होते. "काकीला सांगू नकोस. ती उगाच नितीनला फोन करील."

"दवाखान्यात जाऊ या," मी म्हणाले. पण मी ते असं म्हणाले की ते मलाच ऐकू आलं असेल.

"जाऊ. दोन दिवस झाडं कोरडी आहेत. शेवटच्या आळ्यात पोचलं का बघून ये."

मी गेले. वाडी लांब आहे. शेवटच्या चाफ्याचं आळं कोरडं होतं, बोट घातलं तर भुगा निघाला. त्याच्या आधीचं आळंही कोरडंच. मी परत आले आणि खरं ते सांगितलं. "दोन राहिलीत."

"मग पोचू दे," तात्या म्हणाले.

आणि मी थांबले. त्यांच्याजवळ मातीत बसून राहिले. पदरानं त्यांचा घाम पुसत राहिले. मध्ये दोनदा जाऊन बघून आले. उन्हानं जमीन इतकी तापली होती की पाणी पुढे सरकायच्या आधी मुरत होतं. तास गेला. शेवटचं आळं भरलं तेव्हा मी तिथून ओरडले, "पोचलं." मोटर बंद झाली नाही. मी धावत आले तर तात्या आडवे झाले होते आणि त्यांचा हात मोटरच्या खटक्याच्या दिशेला होता.

हॉस्पिटलमध्ये त्यांची बंद झालेली नस लगेच उघडली. पण हृदय तोवर फार थकलं होतं. डॉक्टर त्याला शॉक म्हणतात. विजेचा नव्हे. हृदय ढकलतं, पण रक्त लांबवर जात नाही. हातपाय गार पडतात, लघवी थांबते, माणूस आतून कोरडा पडत जातो. म्हणून डॉक्टरांनी त्यांना बलूनचं मशीन लावलं. जांघेतल्या नसेतून एक नळी वर हृदयाजवळ नेतात. तिच्या टोकाला लांबट फुगा असतो. हृदय विसावा घेतं तेव्हा फुगा फुगतो, हृदय ढकलतं तेव्हा तो मिटतो. प्रत्येक ठोक्याला हात लावल्यासारखं. मशीन बाहेर, खाटेशेजारी, लहान कपाटाएवढं. फस् टप, फस् टप असा त्याचा आवाज. तो आवाज मी पाच वर्षं ऐकत होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला तो मोजावासा वाटला.

रेजिना सिस्टर आमच्या आयसीयूतल्या मोठ्या सिस्टर, वसई गावातल्याच. त्यांनी तात्यांना सांगितलं, "बाबा, हा उजवा पाय अजिबात वाकवायचा नाही. नळी मुडपली तर मशीन बंद पडेल. ओके?"

तात्या शुद्धीवर होते. आवाज अगदी बारीक झाला होता. "किती हॉर्सपॉवरचा पंप आहे?"

सिस्टर हसल्या. "तुमच्या विहिरीवरच्यापेक्षा खूप लहान."

"विहीर नाही, बावखल," तात्या म्हणाले.

सिस्टरांनी मग त्यांच्या पायावरून चादर बाजूला केली. ज्याला अशी नळी असते त्याच्या पावलात रक्त येतंय का हे तासातासाला बघावं लागतं. पावलाच्या वरच्या बाजूला नाडी लागते. सिस्टरांनी ती बोटांनी शोधली आणि तिथे पेनानं फुली काढली, पुढच्या पाळीच्या सिस्टरला शोधत बसायला नको म्हणून. जाड शाईचं निळं पेन. तात्यांनी डोकं न उचलता विचारलं, "काय करते ती?"

"नाडी बघतायत," मी म्हणाले.

"पायात?" मग म्हणाले, "बरोबर आहे. शेवटचं आळं."

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळी नितीन आला. घाबरलेला होता. आत आला, वडिलांना असं नळ्यांमध्ये बघितलं, आणि त्याला काय सुचलं कोण जाणे, त्यानं वाकून त्यांच्या पावलांवर डोकं ठेवलं. तात्यांनी झटकन पाय ओढून घेतले. दोन्ही. मशीन शिट्टी मारायला लागलं. रेजिना सिस्टर धावत आल्या, गुडघा दाबून पाय सरळ केला, आणि फस् टप पुन्हा सुरू झालं.

"कोणी सांगितलं होतं पाया पडायला?" सिस्टर नितीनवर चिडल्या. "आणि बाबा, तुम्ही? एक पाय सांभाळता येत नाही?"

"मी नाही घेतला," तात्या म्हणाले. "तोच गेला."

नितीन रडता रडता हसला. काकी दाराशी होत्या, त्याही हसल्या. त्यांचं ते शेवटचं हसणं मी बघितलं. त्यानंतर सिस्टरांनी तो पाय चादरीच्या पट्टीनं खाटेला सैलसा बांधला.

मशीन काढायचं तर हळूहळू काढतात. आधी प्रत्येक ठोक्याला मदत असते, मग एक सोडून एक, मग तीनातून एक. हृदयानं तेवढ्यावर तग धरला तर नळी काढता येते. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी एक सोडून एक केलं. ब्लडप्रेशर टिकलं. काकींनी बाहेर बाकावर बसून दिव्याला हात जोडावेत तसे मॉनिटरच्या दिशेला जोडले. दुपारी तीनातून एक केलं आणि पंधरा मिनिटांत आकडे घसरले. पुन्हा पहिल्यासारखं करावं लागलं. मुंबईला याहून मोठं मशीन असतं, रक्त बाहेर काढून फिरवणारं. नितीननं धावपळ केली. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट मागवून बघितले. किडन्या थांबल्या होत्या, माणूस वाटेतच जाईल म्हणाले.

चौथ्या दिवशी दुपारी काकी जेवायला म्हणून खाली गेल्या. मी तात्यांचं तोंड ओल्या कापसानं पुसत होते. त्यांनी डोळे उघडले.

"मुके."

"हं."

"पोचलं का बघ."

मी खाटेच्या पायथ्याशी गेले. फुलीवर दोन बोटं ठेवली. पाऊल गार होतं. मला काही लागलं नाही. जरा अलीकडे बघितलं, पलीकडे बघितलं. जे लागलं ते बहुतेक माझ्याच बोटांतलं होतं. तात्या माझ्याकडे बघत होते.

"पोचलं," मी म्हणाले.

"मोठ्यानं सांग."

आयसीयूत मोठ्यानं बोलत नाहीत. मी वाडीत ओरडायचे तशी ओरडले, "पोचलं." रेजिना सिस्टरांनी टेबलावरून मान वर केली.

तात्यांच्या चेहऱ्यावर एकदम सुटल्यासारखं आलं. "मग बंद कर," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

तेव्हा मला कळलं मी काय बोलून बसले होते.

मशीन कुणी बंद केलं नाही. ते रात्रभर चालू होतं. तात्या मात्र पुन्हा बोलले नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला, मशीनला ज्याच्या मागून चालायचं ते हृदयच थांबलं. डॉक्टरांनी बराच वेळ प्रयत्न केले. मग त्यांनी खटका दाबला. त्या खोलीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

मी कपडे धुवायच्या खोलीत जाऊन बसले होते. रेजिना सिस्टर तिथे आल्या. मी त्यांना माडाखालची सगळी गोष्ट सांगितली. इतकं सलग मी आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते. त्यांनी माझा हात धरला. "तू पोचलीस तेव्हा आधीच चार तास गेले होते गं."

पण पाचवा तास माझा होता. त्या सकाळी मी पहिल्यांदा परत आले तेव्हा नुसतं "पोचलं" म्हणाले असते, तर तात्यांनी मोटर बंद केली असती आणि माझ्याबरोबर रिक्षात बसले असते. एक शब्द. तोही मला येत असलेला. ज्या दिवशी खोटं बोलायला हवं होतं त्या दिवशी मी खरं बोलले, आणि खोटं बोलले ते तीन दिवस उशिरा. काकींना मी हे सांगितलेलं नाही. त्या अजून मला म्हणतात, "तू होतीस म्हणून ते हॉस्पिटलला तरी पोचले."

तात्यांना अंगणात ठेवलं होतं. आंघोळ घालून, कपाळाला गंध, अंगावर त्यांच्याच चाफ्याची फुलं. पाय उघडे. होळीतली झाडून सगळी माणसं आली होती. वाडीतले मजूर, भाजीवाल्या, देवळातले, चर्चमधले. काकी म्हणाल्या होत्या तसंच झालं. रांग लावून एकेक जण वाकत होता, पावलांना हात लावून बाजूला होत होता.

माझी पाळी आली. आंघोळीत नितीननं पावलं चोळून धुतली असणार, पण ती शाई अशी जात नाही. उजव्या पावलावर निळी फुली तशीच होती. कुणी बघितली असेल तर डाग समजले असतील.

मी पाया पडले नाही. खाली बसले आणि फुलीवर दोन बोटं ठेवली. मागून कुणीतरी म्हणालं, "चला बाई, पुढे व्हा." मी आणखी थोडा वेळ बोटं तशीच ठेवली.

तात्यांनी पाय मागे घेतला नाही.